पाचवी पायरी

ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. गणित विभागाने पहिल्यांदाच विद्यापीठातल्या मुलींना गणिताकडे वळवण्यासाठी एक कार्यक्रम ठेवला होता. त्या दिवशी दुपारी पावणेतीनला, जिचं व्याख्यान होतं ती संशोधक मुलगी रसायन विभागाच्या स्वच्छतागृहात आतून कडी लावून उभी होती. गणिताच्या इमारतीत बायकांसाठी ती सोयच नव्हती.

तिच्या हातात व्याख्यानाचे कागद होते. सिद्धतेच्या पाचव्या पायरीत तिने समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एका राशीने भागलं होतं आणि ती राशी शून्य होऊ शकत होती. शून्याने भागायचं नाही, हे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. सात महिने हे कागद तिच्या उशाशी होते. चूक दिसली ती आत्ता, शेवटची नजर टाकताना.

दार वाजलं.

"अगं, आहेस ना आत? सभागृह भरलंय. विभागप्रमुखांनी तीनदा घड्याळ बघितलं."

आवाज बाईंचा होता. विभागात शिकवणारी बाई ही एकटीच. पाठ इतकी ताठ, की पोरं मागून 'काटकोन' म्हणायची. मुलीची सिद्धता त्यांनीच तपासली होती आणि खाली सही केली होती.

तिने कडी काढली. कागद पुढे केला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा वर सरकवला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. नळ ठिबकत होता.

"माझ्याही लक्षात आलं नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"आता काय करू, बाई?"

प्रश्न एका व्याख्यानाचा नव्हता. विभागप्रमुखांनी सकाळी हसत हसतच सांगितलं होतं, "पहिलाच प्रयोग आहे. जमला तर पुढच्या वर्षी संशोधनाला आणखी दोन मुलींना जागा देऊ. फसला, तर लोक म्हणतीलच, आम्ही सांगत होतो." दोन्ही अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होते. त्या दोघी आज पहिल्या रांगेत, वेणीला नवी रिबीन बांधून बसल्या होत्या.

बाईंनी वळून दाराकडे पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणला. "जशी आहे तशी मांड. भरभर लिही. कुणाच्या लक्षात येणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या वेळी कुणाच्या आलं नव्हतं."

मुलीने मान वर करून पाहिलं. त्या ताठ बाई भिंतीला टेकल्या होत्या.

"माझी सिद्धता छापून सव्वीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "अजून पाकीट आलं की उघडायची हिंमत होत नाही. वाटतं, कुणाला तरी तिच्यातली चूक सापडली." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "चल. उशीर होतोय."

सभागृहात आई अगदी मागच्या बाकावर होती. सकाळच्या गाडीने आली होती. गणितातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण लेक फळ्याशी उभी राहणार, एवढं पुरेसं होतं.

मुलीने पहिली पायरी लिहिली. दुसरी. तिसरी. चौथी. पाचव्या पायरीवर खडू टेकला आणि तिथेच राहिला. पाठीमागे कुणी खोकलं. कुणी बाक सरकवलं.

ती वळली.

"इथे चूक आहे," ती म्हणाली. "माझी. पुढचं सिद्ध झालेलं नाही."

तिसऱ्या बाकावरचा एक तरुण प्राध्यापक फिसकन हसला. "सत्कार आधी करायचा की नंतर?" विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. रिबिनीवाल्या दोघींनी एकमेकींचा हात धरला.

तेव्हा काटकोन उठल्या. फळ्यापर्यंतची सात-आठ पावलं त्यांना फार लांब पडली. त्यांनी मुलीच्या हातातला खडू घेतला आणि फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर सव्वीस वर्षांपूर्वीचं साल लिहिलं.

"ही चूक तपासताना माझ्याही नजरेतून सुटली," त्या म्हणाल्या. "आणि ही दुसरी, पूर्णपणे माझी. बसून घ्या, जरा वेळ लागेल."

पुढच्या वर्षी एकाच मुलीला जागा मिळाली. दुसरीने शिक्षण सोडलं, पुढे तिचा पत्ता लागला नाही. बाईंची बढती हुकली. त्यांचा तो जुना निष्कर्ष त्यांनी स्वतः पत्र लिहून मागे घेतला, आणि त्यानंतर आलेली पाकिटं त्या पोस्टमनसमोरच फोडायच्या. पाचवी पायरी दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले. फिसकन हसलेला पुढे विभागप्रमुख झाला, पण काही छापायला धाडण्याआधी कागद गुपचूप त्याच मुलीकडे पाठवायचा, "शून्य कुठे लपलंय का, बघाल?" त्यानेच गणिताच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलं.

आई शेवटपर्यंत सांगायची, "फळ्यावर काय होतं ते नाही कळलं बाई मला. पण ती थांबली तेव्हा माझा जीव घशाशी आला होता."

ती मुलगी निवृत्त झाली, तरी अजून शिकवायला येते. भीती काही गेली नाही. अजूनही पाचव्या पायरीशी तिचा हात थांबतो, आणि वर्ग भरून बसलेल्या मुली श्वास रोखून वाट बघतात.