उजवा कोपरा

हितेंद्रचा डावा घोटा यतीनच्या दोन्ही हातांत आला, तेव्हा नुसता धरून ठेवला असता तरी चाललं असतं. बाकीचे पकडायला धावून येतच होते. यतीनने घोटा धरला आणि जोर लावून आपल्याकडे खेचला. हितेंद्रचा गुडघा आत वळला. तो मॅटवर कोसळला. त्याचा हात मध्यरेषेकडे गेलाच नाही, गुडघ्याकडे गेला.

शिट्टी वाजली. गुण यतीनच्या संघाला मिळाला. पोरांनी त्याला उचलून घेतलं, आणि त्या उंचीवरून त्याला दिसलं की हितेंद्रला स्ट्रेचरवर घेताहेत. सामना संपल्यावर उत्कृष्ट पकडीचं बक्षीसही त्यालाच मिळालं. समोर माइक धरून कोणीतरी विचारलं, कसं वाटतंय. यतीन हसला. ते हसणं सगळ्या लालबागने टीव्हीवर पाहिलं.

दोघं एकाच गल्लीतले, एकाच मंडळाच्या मातीत कबड्डी शिकलेले. हितेंद्र मोठा. चढाई त्याची, पकड यतीनची. व्यावसायिक लीगमध्ये हितेंद्र आधी गेला. यतीनला यंदा घेतलं, पण दुसऱ्या संघाने. आणि अर्धा सीझन उलटला तरी तो बाकावरच होता. पाण्याच्या बाटल्या द्यायच्या, टॉवेल द्यायचे, टाळ्या वाजवायच्या. आज तरी दिसशील का, असं आई फोनवर विचारायची, तेव्हा तो विषय बदलायचा.

हितेंद्रच्या संघाशी सामना होता, त्याच्या आदल्या दिवशी सरांनी हितेंद्रच्या चढायांचे व्हिडिओ लावले. हा तुझ्या गल्लीतला ना, त्यांनी यतीनला विचारलं, कसा खेळतो सांग. सीझनमध्ये पहिल्यांदाच त्याला कोणी काही विचारत होतं. यतीनने सांगितलं. बोनससाठी कधी जातो, कुठल्या अंगाने वळतो, दमला की काय करतो. एवढं पुरेसं होतं. सर मान डोलावून पुढच्या खेळाडूकडे वळणार, तेवढ्यात यतीन म्हणाला, "सर, त्याचा डावा गुडघा कच्चा आहे."

हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

कुर्ल्याच्या एका स्पर्धेत हितेंद्रचा गुडघा गेला होता. यतीनच त्याला पाठीवर घेऊन हाडवैद्याकडे धावला होता. लीगची निवड चाचणी तोंडावर होती. कोणाला बोलू नकोस, माझ्या आईलाही नको, एवढंच हितेंद्रने मागितलं होतं. त्या मीटिंगपर्यंत यतीनने ते पाळलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या सातांत त्याचं नाव आलं. जागा मिळाली उजव्या कोपऱ्याची. हितेंद्रचा डावा पाय बरोबर त्याच बाजूला यायचा.

ऑपरेशन होऊन हितेंद्र घरी आला, तेव्हा यतीन त्याला भेटायला गेला. गल्लीच्या तोंडावर मंडळाने यतीनचा मोठा फ्लेक्स लावला होता. तो टाळायला यतीन मागून, मसाल्याच्या दुकानांच्या बाजूने शिरला.

दार हितेंद्रच्या आईने, मालनकाकीने उघडलं. तिने त्याचा हात धरून त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. यतीनला वर बघवेना.

"खेळात लागतलाच रे," काकी म्हणाली. "तू कित्याक तोंड पाडून बसलंस?"

मग तीच सांगू लागली. हा सीझन गेला, पुढचाही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, गुडघा आधीच फाटलेला होता. आणि घरात कोणाला पत्ता नाही. बोलता बोलता ती थांबली आणि तिने यतीनला विचारलं, तो तुका तरी कधी बोललो होतो काय?

यतीनने हितेंद्रच्या कॉटकडे पाहिलं.

"त्याला कसं माहीत असणार, आई," कॉटवरून हितेंद्र म्हणाला.

काकी चहा टाकायला आत गेली. यतीन खुर्ची सोडून कॉटपाशी आला.

"मीच सांगितलं सरांना."

"माहितेय." आत ऐकू जाऊ नये म्हणून हितेंद्र हळू बोलत होता. "पहिल्या चढाईलाच कळलं. पायांकडे सगळेच बघतात. तू एकाच पायाकडे बघत होतास."

यतीन माफी मागायला आला होता. तोंडातून भलतंच निघालं. अख्खा सीझन बाकावर काढला, तो म्हणाला, असाच बसून राहिलो असतो तर पुढच्या वर्षी कोणी विचारलं नसतं. आणि सगळेच संघ हे करतात. ज्याला जे माहीत असतं, ते तो सांगतोच. बोलताना स्वतःचाच आवाज त्याला नकोसा वाटत होता, तरी तो थांबेना.

"तुमच्या सरांनीपण माझ्याबद्दल विचारलंच असेल ना?"

"विचारलं."

यतीनचा हात खांद्याकडे गेला. जोराचा झटका बसला की त्याचा उजवा खांदा निखळायचा. मंडळाच्या मैदानात हितेंद्रनेच तो धरून बसवला होता, आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. सामना त्याच्या डोळ्यांपुढून पुन्हा सरकला. त्याच्या कोपऱ्यात चढाईला हितेंद्रशिवाय दुसरं कोणी आलंच नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?"

हितेंद्रने पायाखालची उशी सारखी केली.

"म्हटलं, पोरगं धडधाकट आहे. त्याच्या कोपऱ्यात दुसरं कोणी जाऊ नका, मीच जातो."