क्रीमचा डबा

डोक्याचा रुमाल सोडायला सेरवानं उगाचच वेळ लावला. गाठ साधीच होती. पण केस वाळवायच्या यंत्रांखाली तीन बायका बसल्या होत्या, तिघींचे केस सपाट आणि चकचकीत, आणि तिघी तिच्याकडेच पाहत होत्या. जमीन मोजायचं काम करणारी, बांधावर भांडणाऱ्या सख्ख्या भावांना गप्प करणारी ही बाई. इथे मात्र साध्या गाठीशी चाळा करत होती.

रुमाल निघाला आणि केस चारी बाजूंनी उभे राहिले. दाट, काळे, घट्ट कुरळे, जन्मापासून होते तसे.

"हे केस आहेत की रान?" सलूनवाली मॅडम व्हिडा म्हणाली. "कंगवा घालायच्या आधी कोयता आणावा लागेल."

बायका हसल्या. सेरवाही हसली, आणि हसल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. याच बोलण्याला भिऊन ती चार वर्षं घानातल्या या कुमासी शहरात एकाही सलूनची पायरी चढली नव्हती. तिनं खालच्या आवाजात सांगितलं की पिळाच्या वेण्या घालून वर बांधायच्या आहेत, केस सरळ करायचं क्रीम मुळीच लावायचं नाही. मॅडम म्हणाली, बघू.

मागच्या बाकावर पोकुआ आत्या वारा घेत बसली होती. शनिवारी मुलाकडची माणसं रिवाजाप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन सेरवाला मागणी घालायला येणार होती, आणि घराच्या वतीनं बोलायचा मान आत्याचा होता. आज तिला कुणी बोलावलं नव्हतं. नुसती सोबतीला येते, असं ती सकाळपासून चारदा म्हणाली होती.

मॅडमनं केस धुतले. हात चांगला होता, हे कबूल करायला हवं. सेरवाचे खांदे सैल पडले, तिनं डोळेही मिटले. मग टॉवेलनं केस टिपून झाले आणि मॅडमचं व्हॅसलीन लावलेलं बोट कपाळाच्या कडेनं फिरलं. तिथून कानांवर आलं, कानांमागे गेलं, मानेवर गेलं.

"काल-परवा डोकं खाजवलेलं नाहीस ना?" मॅडमनं सवयीनं विचारलं.

सेरवानं खाडकन डोळे उघडले. वेण्या घालायच्या आधी हे कुणी विचारत नाही. केस सरळ करायचं क्रीम खरचटलेल्या जागी लागलं की आगडोंब होतो, कातडी सोलून निघते, म्हणून आधी विचारतात आणि म्हणूनच कानांना व्हॅसलीन लावतात. हे इथल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. आरशात तिला आपल्या पाठीमागे क्रीमचा पांढरा डबा दिसला, झाकण काढलेला. एकदा ते लागलं की संपलं. ते केस पुन्हा कुरळे होत नाहीत. भादरायचे आणि पहिल्यापासून वाढवायचे, एवढंच हातात उरतं.

"मी नको म्हटलं होतं," सेरवा म्हणाली.

मॅडमनं आरशातून आत्याकडे पाहिलं. तेवढ्यानं सगळं कळलं.

आत्यानं मंगळवारीच मॅडमला फोन करून क्रीम लावायला सांगून ठेवलं होतं, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती. मुलाची आई चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, तिच्यासोबत दहा बायका येणार. एवढं शिकून पोरीला साधं डोकं विंचरता येत नाही, असं त्या म्हणणार. नाक कुणाचं कापलं जाणार, तर घरच्यांचं.

"मग मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," आत्या म्हणाली.

सेरवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठू लागली तशी आत्यानं येऊन तिचा खांदा दाबला. याच हातानं तिला लहानपणी फुफूचे घास भरवले होते, त्यामुळे तो हात झिडकारताही येईना, आणि याची चीड सगळ्यात जास्त. मॅडमनं हातमोजे चढवले, ब्रश डब्यात बुडवला. वीस मिनिटांचं काम आहे, म्हणाली, यानं आजवर कुणी मेलेलं नाही.

उठून जाता आलं असतं. पण शनिवारला दोन दिवस होते. डबा घरी आला असता, मॅडम आली असती, खांद्यावर आत्याच्या जोडीला आईचाही हात आला असता. सगळं मायेनंच झालं असतं.

सेरवानं अंगावरच्या कापडाखालून दोन्ही हात बाहेर काढले, थेट मुळांपर्यंत बोटं घातली आणि डोकं ओरबाडलं. कपाळापासून मानेपर्यंत, मग कानांमागे, मग पुन्हा टाळूवर. एक नख तुटलं तरी थांबली नाही. बायकांचं हसणं केव्हाच बंद पडलं होतं. आत्याचा हात आपोआप सुटला.

बोटांना रक्ताची ओल लागली तेव्हाच ती थांबली. तिनं मान खाली घातली, केस दोन्हीकडे सारले आणि टाळू मॅडमपुढे धरली.

"खाजवलंय," ती म्हणाली. "बघा."

मॅडमनं वाकून पाहिलं. तोंडाची फटकळ असली तरी बाई कामातली जाणती होती. तिनं डब्याला झाकण लावलं आणि हातमोजे काढले. आता आठ दिवस या डोक्याला क्रीम लावता येणार नाही, असं तिनं आत्याला सांगितलं.

"शनिवारी माणसं येणार आहेत," आत्या म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

"येऊ देत." सेरवा खुर्चीतून उठली नाही. "मॅडम, घाला आता वेण्या. आणि जरा हळू. दुखतंय."