कावळ्याचा फोटो

कावळे भिंतीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. हिम्मतरावांना नवल वाटलं. एरवी हेच कावळे त्यांच्या हातातली भाकर पळवायचे. साळुंकी, बुलबुल, सातभाई, सगळ्यांचे फोटो त्यांनी हैदराबादच्या जामबागेतल्या याच परसात काढले होते. पाखरं त्यांच्या डबा कॅमेऱ्याला सरावली होती. आज जांबाच्या झाडाखाली भाताचा पिंड ठेवला, तर साधी चिमणी फिरकेना.

पिंड भामाचा होता. एकुलती एक लेक, मागच्या वर्षी तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला पिंड नसतो, असं भटजींनी तेव्हा सांगितलं. चतुराबाईंच्या मनातून ते काही जाईना. आता हैदराबाद राज्य फुटलं, कचेरीतली माणसं वाटली गेली, हिम्मतरावांना औरंगाबादचा हुकूम आला, तशी चतुराबाईंनी उंबऱ्यातच बैठक मारली. पोरगी सुटली की इथंच घुटमळतेय, ते कळल्याशिवाय मी हलायची नाही, म्हणाल्या. बाईमाणसानं पिंडाला उभं राहायचं नाही, आणि नवऱ्याच्या शब्दावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. समजूत घालायला हा माणूस काहीही सांगतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून फोटो पाहिजे होता.

हिम्मतराव कॅमेरा पोटाशी धरून बोलू लागले. तुझ्या आईला जपीन, म्हणाले. कावळे ढिम्म. तुझ्या बाहुल्या कुणाला देणार नाही, दर वर्षी तुझ्या नावानं पोरींना जेवू घालीन, म्हणाले. भिंतीवरचे सगळे कावळे माना तिरक्या करून त्यांच्याकडेच बघत होते, आणि एकाच्याही तोंडून काव निघत नव्हतं. ऊन चढलं, भात वाळायला लागला.

शेवटी ते रडकुंडीला आले. पिंडाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "तुला एकटीला टाकून जात नाही, बाळा. आम्ही इथंच राहतो."

मान वर करायच्या आत कावळा पिंडावर होता. त्यांनी खटका दाबला.

आबिड्सच्या स्टुडिओवाल्यानं फोटो हातात ठेवताना, कव्वे की फोटू कोन निकालता साब, म्हणून चेष्टा केली. हिम्मतरावांना हसू आलं नाही.

चतुराबाईंनी फोटो खिडकीशी नेला. भातात रुतलेली चोच स्वच्छ दिसत होती. त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि भांडी पोत्यात भरायला लागल्या. कितीतरी महिन्यांनी त्या काहीतरी गुणगुणत होत्या. हिम्मतराव परसाच्या दारात उभे राहिले. खरं सांगावं तर ही इथून उठायची नाही, आणि हुकूम काही कुणासाठी थांबायचा नाही.

"काय म्हणालात हो तिला," चतुराबाईंनी दोरी आवळता आवळता विचारलं, "की शिवला?"

"आम्ही निघतो, तू सुखानं जा. एवढंच म्हणालो."

बाहेर मघापासून कावळ्यांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला.