टॉवेलचं दुसरं टोक

युसुफचाचा पडले ते आया सत्यभामाच्या अंगावरच. मोरीच्या उंबऱ्याशी त्यांचा पाय घसरला, तशी तिने हातातला टॉवेल सोडला, त्यांना कवेत घेतलं आणि त्यांच्यासकट खाली बसली. चाचांचं कपाळ दाराला जरासं लागलं. बाकी सगळा मार तिच्या कोपराने खाल्ला.

आता हा टॉवेल कसला? तर चाचा परक्या बाईचा हात धरत नसत. उलव्याकडचा जुन्या वळणाचा माणूस, अर्धांगाने एक पाय ओढत चालणारा. पण नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, नळापाशीच जाणार, आणि वॉर्डबॉय धर्मराजची वाट बघायची म्हटलं की जीव खालीवर व्हायचा त्यांचा. मग सत्यभामानेच तोड काढली. पीळ दिलेल्या टॉवेलचं एक टोक त्यांच्या मुठीत, दुसरं तिच्या. रोज दोघं असे पुढेमागे निघाले की अख्खं नर्सिंग होम हसे. "निघाली गाडी!" चाचाही हसत. आज मेली फरशी ओली होती.

पेशंट पडला की आयाची नोकरी जाते, हे तिथे ठरलेलंच. गणपतीच्या आधी नंदिनी अशीच गेली. दुपारी तिचा पेशंट पडला आणि संध्याकाळी डबा घेऊन ती कायमची घरी. सत्यभामाच्या घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं.

चाचांचा मुलगा तबरेज तळोज्याच्या कंपनीतून तडक आला. कमरेचा पेजर वाजत होता, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. बापाच्या कपाळावरचं टेंगूळ बघून त्याचं डोकंच फिरलं.

"काय मावशी, बैल नेताय काय? टॉवेल कसला देता? हात धरता येत नाय?"

"अहो, तेच म्हणते मी!" सिस्टर गीतांजली म्हणाल्या. कालपर्यंत गाडी बघून पदर तोंडाला लावून हसणाऱ्या याच. "सत्यभामा, खरं सांग. पडताना धरलंस की नाही त्यांना?"

सत्यभामाने तोंड उघडलं. धरलं म्हणजे काय, चांगलं उराशी धरलं होतं! नुसतं सुजलेलं कोपर दाखवलं असतं तरी काम वाचलं असतं. तेवढ्यात तिची नजर चाचांकडे गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. कानाच्या पाळ्या लालबुंद. मुलासमोर ही गोष्ट निघाली तर हा माणूस लाजेने मान वर करणार नाही, हे तिला कळलं. आणि संतापही आला. अरे बाबा, तू तरी एक शब्द बोल की!

चाचांनी चादर कानावर ओढून घेतली.

"नाय धरलं," ती म्हणाली, आणि कोपर पदराखाली घेतलं.

"बघा! वर तोंड करून सांगते," तबरेज म्हणाला.

"पोरं लहान आहेत तुझी, म्हणून ठेवते," सिस्टर म्हणाल्या. "पण यापुढे यांना तू हात लावायचा नाहीस. टॉवेलबिवेलही नाही. धर्मराज नेईल. आणि पुन्हा पडले, तर तू सरळ घरी."

"हात न लावता कसं सांभालू, सिस्टर?"

"ते तू बघ."

सिस्टर आणि तबरेज बोलत बोलत बाहेर गेले. धर्मराज दुसऱ्या पेशंटला घेऊन वाशीला एक्स-रेला गेला होता. थोड्या वेळाने लांबून असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान ऐकू आली. चाचांनी कूस बदलली आणि चांगला पाय खाली सोडला.

"थांबा चाचा. धर्मराजला येऊ द्या."

"तो वाशीहून येईस्तोवर नमाजाचा वखत जाईल, पोरी."

त्यांनी तिच्याकडे न बघताच हात पुढे केला. टॉवेल नाही. नुसता हात.

"धर."

सत्यभामाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली.

चाचा उठायला लागले.