कंदीलवालीची आई

पात्याची धार पुस्तकाच्या पानाच्या मुळाशी टेकली आणि चष्मेवाल्याचा हात थांबला. दुकानात हाच हात चौकटीत काच बसवताना कधी हलत नाही. आज घरी, स्वतःच्या टेबलाशी, चार पानं कापायला तो धजत नव्हता. मुलगी एवढ्यात येणार होती, पाचही पुस्तकं न्यायला.

पुस्तकं तिचीच, शाळेत असतानाची. सूर्य चोरीला गेलेलं राज्य, गावोगाव उजेड वाटत हिंडणारी कंदीलवाली आणि तिच्या खांद्यावर बसून सदानकदा कुरकुर करणारा म्हातारा गरुड. मुलगी लग्न होऊन दूर गेली, पुस्तकं मागे राहिली, आणि बायकोच्या पश्चात या माणसाला त्यांचंच वेड लागलं. साठी उलटली तरी! पाचवा भाग संपला की दुसऱ्या दिवशी पहिला सुरू. गरुडाचं बोलणं तोंडपाठ, तरी वाक्य यायच्या आधीच हा हसायला लागायचा. लबाड नावाडी दिसला की चहा निवत ठेवून ओरडायचा, "अगं बये, बसू नकोस त्या नावेत!" ती दर खेपेला बसायची. दुकानात पुस्तक काउंटरखाली असे. एकदा एका गिऱ्हाइकानं पाहिलंच. "काय काका, नातवंडांचा अभ्यास घेताय वाटतं?" हा म्हणाला, "हो ना." नात वर्षातून एकदा दिसायची. घरात त्या गरुडाखेरीज बोलणारं होतं कोण?

आता ती नात वाचायच्या वयाची झाली होती. "तुम्हाला काय उपयोग त्या पुस्तकांचा?" मुलगी फोनवर म्हणाली. काय सांगणार? "ने की," म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर जेवायचं विसरला.

पण खरी धास्ती वेगळीच होती. तिसऱ्या भागात कंदीलवालीची आई मरते. ते प्रकरण आलं तेव्हा याच घरात, आतल्या खोलीत, मुलीची आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज संध्याकाळी तो मुलीला मोठ्यानं वाचून दाखवायचा. दार उघडं ठेवायचा, म्हणजे बायकोलाही ऐकू जावं. त्या संध्याकाळी पहिली ओळ पाहिली आणि त्याची जीभच वळेना. मग दिलं ठोकून! गरुडानं डोंगरापलीकडून औषधी मुळी आणली, आई उठून बसली, भूक लागली म्हणाली.

त्याच महिन्यात बायको गेली. त्यानंतर मुलीनं "बाबा, वाचा ना" असं कधी म्हटलं नाही, त्या पुस्तकांना हात लावतानाही ती दिसली नाही. हा समजायचं ते समजला. गोष्टीतली आई वाचवली, खरी नाही वाचवता आली, आणि पोरीनं ते मनात धरलं. छापलेलं प्रकरण त्यानं नंतरही कधी वाचलं नाही. तिथे पोचला की पुस्तक उघडं ठेवून आपलीच गोष्ट मनाशी म्हणायचा आणि मग सगळी पानं एकदम उलटून पुढे जायचा.

आज ते मुलीच्या हाती पडणार. बापानं थाप मारली होती, आणि तीही कधी, तर तेव्हा!

दार वाजलं नाही. तिच्याकडे किल्ली होती. रिकामा खोका घेऊन ती आत आली आणि टेबलाशीच थबकली.

"बाबा, हे काय? पानं कापताय?"

"जुनी झालीत गं. सुटायला आलीत."

तिनं पुस्तक ओढून घेतलं, पान पाहिलं आणि खुर्ची सरकवून बसली.

"यात काय आहे ते मला माहितीये. तेव्हापासून माहितीये."

तो पुस्तक परत घ्यायला पुढे झाला.

"दुसऱ्या दिवशी आईनंच मला जवळ बोलावलं. म्हणाली, काल बाबांनी एवढा वेळ वाचलं, पण पान उलटल्याचा आवाज काही आला नाही. काढ बघू पुस्तक. मग मी तिला खरं काय ते वाचून दाखवलं. दोघी रडलो. आणि मग बाबा, ती हसायलाच लागली. म्हणाली, थाप मारायची तर नीट मारावी की माणसानं! पण त्यांना कळू देऊ नकोस हं. फार जीव ओतून रचलंय बिचाऱ्यांनी."

त्यानं पातं टेबलावर ठेवलं. "मग पुढे कधी वाचा म्हणाली नाहीस ती?"

"पुढच्या भागांत ती आई कुठून आणली असतीत तुम्ही? कशाला अडचणीत टाकायचं?"

त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. त्या खोलीत तेव्हाच आपल्या थापेला कुणीतरी हसलं होतं, आणि हा इकडे इतकी वर्षं एकटाच कुढत बसला होता.

मुलीनं खोका पायानं बाजूला सारला. "सुट्टीत पोरीलाच इकडे घेऊन येते. तिला तुम्हीच वाचून दाखवा." मग पुस्तक त्याच्यापुढे उघडं ठेवलं, दोन्ही हातांत हनुवटी धरली, तेव्हा धरायची तशी.

"आधी मला. हेच प्रकरण, तुमचं. आणि बाबा, या खेपेला पानं तेवढी उलटत जा."