डोळ्यातल्या पाण्याची साक्ष

“खाटकाकडे बसून कच्ची कलेजी खाल्लीत की नाही, एवढंच सांगा, आजोबा,” डॉक्टर सॉक तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“नाही,” तक आजोबा म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

“खोटं!” शेजारच्या खुर्चीवरून सुल्ले आजी कडाडल्या. “डॉक्टरबाई, या माणसाचा नाही म्हणजे हो असतो. लग्नाच्या दिवसापासून बघतेय.”

हाम्प्योंग गावच्या माणसाला कच्च्या कलेजीबद्दल विचारणं म्हणजे मांजराला दुधाबद्दल विचारणं. जनावर कापलं त्याच दिवशी, ताज्या फोडी तिळाच्या तेलात आणि मिठात बुडवून तोंडात टाकायच्या. शिवाय कलेजी डोळ्यांना चांगली, हे इथे लहानपणापासून कानावर पडतं. त्याच कलेजीतून जंताची बारीकशी अळी पोटात जाते आणि कधीकधी वाट चुकून डोळ्यात मुक्कामाला येते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आजोबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर पांढरी गाठ दिसत होती. आधीच्या डॉक्टरांनी कर्करोगाची शंका काढली होती. तसं असेल तर डोळा काढावा लागणार होता. जंत असेल तर गोळ्यांवर भागणार होतं. त्यामुळे चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आपला नवरा खोटारडा निघावा म्हणून सुल्ले आजी बुद्धापुढे उदबत्त्या लावत होत्या.

“दोन वर्षांपूर्वी यांनी स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाच्या ताटासमोर शपथ घेतली,” आजी म्हणाल्या. “पुन्हा खाटकाच्या दुकानात पाऊल टाकणार नाही म्हणून. आता मीच म्हणतेय, मोडली असेल तर सांगून टाका. रागावणार नाही.”

“नाही मोडली.”

“बघा! डोळा जाईल, पण हेका जाणार नाही!” आजींचा आवाज मध्येच फुटला. त्यांनी हातातल्या हातमोज्याने डोळे पुसले.

“राहू दे, आजी. मी डोळ्यालाच विचारते,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “अंगात परका शिरला की शरीर त्याच्यामागे शिपाई सोडतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. नुसत्या रक्तात ती सापडली, तर काही सिद्ध होत नाही. इकडच्या कितीतरी लोकांच्या रक्तात सापडतात. पण रक्तापेक्षा डोळ्यातल्या पाण्यात त्यांची जास्त गर्दी असली, तर चोर डोळ्यातच बसलाय.”

“डोळ्यात सुई घालणार?” आजोबा छतावरून खाली आले.

“भूल देऊन. कळणारही नाही. आणि आजी, तुम्ही दोघं एकाच घरात जेवता. तुमचंही रक्त देऊन ठेवा.”

“मी कशाला? मी काय खाटकाकडे बैठक मारते?” आजींनी पर्स छातीशी धरली. “आणि माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? सदुसष्टावं वरीस लागलं, अजून चष्म्याशिवाय सुई ओवते.”

पाणी काढून झालं. आजोबा डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर बाकावर बसले. आजींनी फोन लावला.

“मेंग, या गुरुवारीही तू माप मारलंस! दुपारी आणलं, संध्याकाळी घरच्या काट्यावर टाकलं, तर शंभर ग्रॅम कमी. चालता चालता उडून गेलं काय? दोन वर्षं सहन करतेय मी. पुढच्या खेपेला तुझा काटाच मोडून टाकीन!”

आजोबा भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता एका डोळ्याने मन लावून वाचत राहिले.

आठवड्याने निकाल आला. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला.

“रक्ताच्या मानाने डोळ्यात सहापट जास्त प्रतिपिंडं आहेत. जंतच आहे. डोळा काढायचा नाही.”

आजी ताडकन उठल्या आणि आजोबांच्या पाठीत त्यांनी दणका घातला. “जंत आहे! अहो, नुसता जंत आहे!” बाहेर बसलेल्या लोकांनी दारातून डोकावून पाहिलं. आजी रडत होत्या आणि हसतही होत्या. आजोबांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

“पण आता खरं सांगायचं, आजोबा,” डॉक्टर म्हणाल्या. “पुन्हा खाल्लीत, तर दुसऱ्या डोळ्याची हमी नाही. कुठून मिळते ते कळलं, तरच ती वाट बंद करता येईल.”

“बोला आता!” आजींनी हात सोडवून घेतला. “पाण्याने साक्ष दिलीय. कुणाच्या दुकानात गेला होता? वडिलांपुढे घेतलेली शपथ मोडताना लाज नाही वाटली?”

“शपथ दुकानाची होती,” आजोबा म्हणाले. “दुकानाची पायरी मी चढलो नाही.”

“मग कलेजी काय आभाळातून पडली?”

“घरी होती.”

“कुणाच्या घरी?”

आजोबांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा आजींकडे, आणि मग गुडघ्यांवरच्या आपल्या टोपीकडे.

“आपल्याच. किमचीच्या फ्रिजमध्ये, मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीमागे. निळ्या रुमालात गोल डबा असतो ना, गुरुवारचा? दुपारी तू देवळात गेलीस की पाच-सहा फोडी काढायचो. परत तुझ्यासारखीच गाठ मारून ठेवायचो.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी सावकाश मान वळवून आजींकडे पाहिलं.

आजींनी पर्स खाली ठेवली, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि रक्त द्यायला हात टेबलावर ठेवला.

“म्हणजे,” त्या पुटपुटल्या, “त्या बिचाऱ्या मेंग खाटकाचं माप बरोबरच होतं.”