राक्षसाच्या दारात

दवाखाना आटोपून दंतवैद्य मुलगा आईकडे आला, तर ती टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली. हातात त्याचाच जुना कंट्रोलर! दहावीच्या वर्षी तिनेच तो कपाटात कोंडला होता. त्याचा जपानी गेममधला योद्धा शेवटच्या राक्षसाच्या दारातच ताटकळला. निवृत्तीनंतर कपाट आवरताना आईला गेम सापडला आणि तिने पहिल्यापासून खेळायला घेतला. “अरे, ती तिरंदाज पोरगी मेली, तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नाही.” त्याच पोरीसाठी तो रडला, तेव्हा हीच फिदीफिदी हसली होती. “मग? मारलास राक्षस?” त्याने फणकाऱ्याने विचारलं. “छे! महिनाभर दारातच थांबलेय. तुझा मारायचा राहिलाय ना!” तिने कंट्रोलर पुढे केला. त्याने हिसकावलाच, पण कुठलं बटण कशाचं, आठवेना. अक्षरं गिरवताना बोट धरायची, तसा आईने त्याचा अंगठा धरला.